शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा ‘नाही’

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे शाळेचे पत्र आले आणि बाकी सगळे मागे पडून स्क्रिप्चरच्या बाईच डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. स्नेहसंमेलन, सहली, निकाल यांवर इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मोठ्याने कसे वाचावे, हे बाईंनी ज्या बारकाईने शिकवले, ते मात्र कुठेतरी छापून राहायला हवे.

बाईंचा पहिला धडा ‘नाही’चा. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकारही तिथेच बसतो. नवखा वाचक पहिल्या चार शब्दांत श्वास उधळतो आणि शेवटाला आवाज खाली पडतो. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ यातला ‘नाही’ ओठांत विरला, की मागच्या बाकावर पोचते ते ‘मला काही उणे पडणार’. दहा आज्ञांत तर ‘नको’ गिळला की आज्ञाच उलटी होते. म्हणून आदल्या दिवशी पेन्सिलीने प्रत्येक ‘नाही’ आणि ‘नको’भोवती गोल करायचा, आणि त्याच्या आधीच्या स्वल्पविरामाशी पुरता श्वास भरून घ्यायचा. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १३व्या अध्यायात मात्र नियम थोडा बदलतो. तिथे प्रीती काय करत नाही, याची ओळच लागते. प्रत्येक ‘नाही’वर सारखाच जोर दिला तर ऐकणारा थकतो. तिथे जोर हेव्यावर, बढाईवर द्यायचा, आणि ‘नाही’ नुसता स्वच्छ उच्चारायचा.

तयारी तीन वाचनांची. पहिले बसून, अर्थासाठी. दुसरे पेन्सील घेऊन: अर्ध्या श्वासाला एक उभी रेघ, पूर्ण श्वासाला दोन. तिसरे उभे राहून, पूर्ण आवाजात. नबुखद्नेस्सर, मलकीसदेक, मफीबोशेथ ही नावे तुकडे पाडून आधी वहीत लिहायची, कारण नावाशी अडखळलेला वाचक पुढची निदान एक ओवी (अध्यायातले क्रमांकित वचन) घाईत उरकतो. पुस्तक छातीशी धरायचे, तोंडापुढे नाही. माइक वीतभर लांब आणि किंचित तिरका, नाहीतर ‘फ’ आणि ‘भ’ थेट त्यावर आदळून धप्प आवाज येतो. अध्याय आणि ओवी सांगितली की पानांची सळसळ थांबेपर्यंत थांबायचे. पावसाळ्यात पत्र्यांवर सर कोसळू लागली की ओरडायचे नाही, ओरडण्यात व्यंजने बुडतात. वेग कमी करायचा. रुळांकडच्या खिडक्यांतून लोकलचा आवाज आला, तर वाक्य संपवून गाडी जाऊ द्यायची.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर बाई नहेम्याच्या ८व्या अध्यायातून देत. एज्रा हा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, आणि ते स्पष्ट वाचून लोकांना अर्थ समजावला जातो. रोमकरांस पत्रात विश्वास ऐकण्याने होतो असे प्रेषित पौल म्हणतो. ऐकूच आले नाही तर पुढचे सगळे खुंटले.

शब्दाच्या सामर्थ्याबद्दल बाईंची शिकवण मला आजही सर्वांत मोलाची वाटते, कारण या शहरात आता उलट शिकवण फार ऐकू येते: तोंडाने ठामपणे बोला, म्हणजे नोकरी, घर, आरोग्य मिळेलच. बाई उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडत. देव बोलतो आणि प्रकाश होतो. ते सामर्थ्य बोलणाऱ्या देवाचे आहे. कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अधिकारी, सुद्धा स्वतःच्या शब्दावर भिस्त ठेवत नाही, प्रभू येशूने शब्द बोलावा एवढेच मागतो. डोंगराला ‘उपटला जा’ म्हणण्याविषयीची मार्क ११:२३ ही ओवी सगळ्यांना पाठ असते. बाई २५व्या ओवीपर्यंत वाचायला लावत, तिथे प्रार्थनेला उभे राहताना क्षमा करा असे आहे. आणि अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना खुद्द प्रभूने ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ म्हटले, त्याला अविश्वास कोण म्हणेल? माणसाचा शब्द जग निर्माण करत नाही, पण शेजारच्याला उभारतो किंवा मोडतो. याकोबाच्या पत्राचा जिभेविषयीचा ३रा अध्याय त्या याच अर्थाने शिकवत, आणि त्यांच्या वर्गात कुणाला टोपणनावाने हाक मारायची सोय नव्हती.

एक लहानसा प्रसंग वर्गातल्या सर्वांना आठवत असेल. चिंचपोकळीला राहणाऱ्या एका वर्गमित्राचे वडील वारले. त्याच्या घरी जाण्याआधी बाईंनी अख्खा तास त्यासाठीच दिला. आत गेल्यावर आधी बसा. ‘देवाची इच्छा’, ‘रडू नकोस’ ही दोन वाक्ये बोलायची नाहीत. कसे झाले, हे विचारायचे नाही. गेलेल्या माणसाचे नाव घेऊन त्याची एखादी आठवण सांगा. योहान १४च्या पहिल्या तीन ओव्या वाचा, प्रार्थना मिनिटभराची ठेवा आणि निघा. बायबलमधल्या दुःखाने खचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते मित्र होते. बिघडले ते तोंड उघडल्यावर, असे बाई म्हणाल्या. पाळकांच्या प्रशिक्षणातही याहून नेमके काही शिकवता येईल असे मला वाटत नाही.

मराठी कानाला वचन मराठीतच लागले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. पंडिता रमाबाईंचे संपूर्ण भाषांतर १९२४ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. त्यातला एखादा उतारा त्या प्रचलित भाषांतराशेजारी ठेवून वाचायला लावत. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईतच झाला, आणि अभंग व कीर्तनातून त्यांनी ख्रिस्ती उपासनेला मराठी गळा दिला, हे सांगताना बाईंचा स्वर वेगळाच व्हायचा.

बाईंच्या हाताखालचे वाचक आज भायखळ्यापासून वसईपर्यंतच्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) रविवारी उभे राहतात. शाळेत मात्र आता ओव्या पडद्यावर येतात, प्रार्थना ध्वनिमुद्रित लागते, आणि परिपाठ उरकला जातो. याचे फार वाईट वाटते. महोत्सव समितीला एकच विनंती आहे. आठवड्यातून एक दिवस तरी मुलांकडून वाचन व्हावे, उतारा दहा ओव्यांहून मोठा नसावा, वाचणाऱ्याला तो आठवडाभर आधी मिळावा. समारोपाला गणना ६:२४–२६ हे अहरोनाचे आशीर्वचन असावे. मूळ हिब्रूत त्याच्या तीन ओळींत ३, ५ आणि ७ शब्द आहेत, आशीर्वाद वाढत जातो. तेव्हा तिसऱ्या ओळीसाठी श्वास राखून ठेवायला मुलांना जरूर सांगावे.