आमची वाटचाल : अक्षता आधी की 'सावधान'?

सदाशिव पेठेत बाबांचं लग्न-मुंजींच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. ते काम आटलं तेव्हा मी माळ्यावरचा व्हीसीआर खाली काढला आणि लोकांच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून द्यायला लागले. भांडवल काय, तर तो व्हीसीआर, एक स्वस्तातलं यूएसबी कॅप्चर कार्ड आणि दुकानाची पाटी.

पहिल्याच महिन्यात एक काकू पेन ड्राइव्ह घेऊन परत आल्या. "अगं, भटजी 'सावधान' म्हणायच्या आधीच सगळे अक्षता टाकतायत!" लावून पाहिलं, तर खरंच. शिवाय चित्राचा वरचा भाग एका बाजूला ओढल्यासारखा वाकलेला. मुंडावळ्या एकीकडे, कपाळ दुसरीकडे.

बाबांना ते पटेना. "आपल्या टीव्हीवर तर सरळ दिसतं." त्यांचंही बरोबर होतं. पाल (PAL, आपल्याकडची जुनी टीव्ही-पद्धत) पद्धतीच्या व्हीसीआरमधला फीत वाचणाऱ्या हेडचा ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो आणि चित्राची एकेक ओळ ६४ मायक्रोसेकंदांत यायला हवी. जुनी फीत ताणलेली, व्हीसीआर थकलेला, त्यामुळे कुठली ओळ जरा लवकर येते, कुठली उशिरा. जुना डबा टीव्ही ते सांभाळून घ्यायचा. कॅप्चर कार्ड सांभाळून घेत नाही. सिग्नल फारच बिघडला की ते अख्खी फ्रेम गाळतं. आवाज मात्र पूर्ण उतरतो, म्हणून चित्र पुढे पळतं आणि अक्षता आधी पडतात.

यावर उपाय टाइम बेस करेक्टर, म्हणजे टीबीसी. सिग्नलची चुकलेली वेळ नीट लावणारं यंत्र. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मी "व्हिडिओ स्टॅबिलायझर आहे का" असं विचारलं, तर दुकानदाराने फ्रिजचा स्टॅबिलायझर काउंटरवर ठेवला. शेवटी एका माहितगाराने परदेशातून वापरलेला टीबीसी मागवून दिला. किंमत लिहीत नाही, बाबा हे वाचतात.

तो जोडला आणि फ्रेम गळायच्या थांबल्या. मुंडावळ्या मात्र होत्या तिथेच. तेव्हा कळलं की टीबीसी दोन कामांचे असतात. एक अख्ख्या फ्रेम साठवून ठरल्या तालात पुढे पाठवतो, दुसरा एकेक ओळ जागेवर आणतो. मी पहिला घेतला होता आणि दुखणं दोन्ही होतं.

ओळी सरळ करायचं काम जितकं व्हीसीआरच्या जवळ होईल तितकं बरं. म्हणून आतच टीबीसी असलेला पॅनासॉनिकचा एनव्ही-एफएस२०० हा एस-व्हीएचएस (साध्या व्हीएचएसची सुधारित पद्धत) व्हीसीआर शोधून घेतला. त्याच्या जोडीला त्याच कंपनीचा ईएस१० हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर. त्यात काहीच रेकॉर्ड करायचं नाही, सिग्नल एका बाजूने आत घेऊन दुसऱ्या बाजूने बाहेर काढायचा. वरचा वाकडेपणा तो चांगला काढतो. चेहरे थोडे गुळगुळीत करतो, म्हणून त्याची नॉइज कमी करायची सेटिंग मी बंद ठेवते, आणि वाकडेपणा नसेल तर त्याला मधे घेतच नाही. संगणकावरचं 'स्टॅबिलाइज' बटण इथे कामाचं नाही. ते शूटिंग करणाऱ्याचा हात हलला असेल तर त्यासाठी.

कधीकधी उलटंही होतं. फार खराब कॅसेटवर आतला टीबीसीच गोंधळतो आणि चित्र उड्या मारतं. मग तो बंद करून बाबांचा साधा व्हीसीआर लावायचा. तो अजून कामावर आहे. २०१६ मध्ये व्हीसीआरचं उत्पादनच थांबलं, त्यामुळे सुट्या भागांसाठी रविवारी जुन्या बाजारात एक फेरी ठरलेली. कॅसेटला बुरशी असेल तर मात्र साफ केल्याशिवाय कुठल्याच यंत्रात घालत नाही. पुण्याच्या पावसात लोखंडी कपाटात राहिलेल्या कॅसेटींवर पांढरी भुकटी हमखास सापडते.

काकूंची कॅसेट पैसे न घेता पुन्हा उतरवली. मुंडावळ्या जागेवर, 'सावधान' आधी, अक्षता नंतर. एक मूठ तेवढी तरीही आधीच पडत होती. मी घाबरून फ्रेमा मोजायला घेतल्या, तर काकू म्हणाल्या, "राहू दे गं, ते आमचे धाकटे दीर. त्यांना पंगतीची घाई होती."