अण्णांचे टिंब

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा.

"हे तू लिहिलंस का?" असे आईने विचारले, आणि संध्याकाळपासून तेवढे एकच वाक्य माझ्या डोक्यात फिरत आहे. तिच्या विचारण्यात राग नव्हता, संशयही नव्हता. दुधाचे बिल कोणी दिले हे ती ज्या आवाजात विचारते, त्याच आवाजात तिने हेही विचारले. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नोंदींच्या छापून दिलेल्या सोळा पानांपैकी जेमतेम दीड पान तिने वाचले होते. मग चष्मा काढला, पाने पालथी घालून टीपॉयवर ठेवली आणि ती कणीक मळायला आत निघून गेली.

तीन आठवडे मी या पानांसाठी रात्री दीड-दोनपर्यंत जागलो आहे. एकतीस फ्लॉप्या, त्यांपैकी चार पूर्ण मेलेल्या, उरलेल्यांमध्ये १९९९ ते २००६ या काळात अण्णांनी टंकलेल्या फाइली. फॉन्ट जुना, युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतांच्या, आधीच्या पद्धतीचा, त्यामुळे आजच्या संगणकावर फाइल उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसतो. तो चिवडा परत मराठीत आणण्यासाठी मी पायथन या संगणकभाषेत एक परिवर्तक लिहिला. बाजारात तयार परिवर्तक मिळतात, हे मला ठाऊक आहे. दोन वापरूनही पाहिले. एकाने प्रत्येक जोडाक्षराची वासलात लावली आणि दुसऱ्याने अर्धी फाइल झाल्यावर, काही न बोलता, काम पूर्ण झाल्याचे जाहीर केले. स्वतः लिहिण्यात मला आनंद होता हेही खरे. तो आनंद मी आईला समजावून सांगण्याच्या फंदात कधी पडलो नाही.

जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे जशी दिसतात तशीच, डावीकडून उजवीकडे साठवलेली असतात. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व इकार आधी येतो आणि क नंतर. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराचा क्रम पाळला जातो, म्हणजे आधी क आणि मग इकार. रफाराचे नेमके उलटे आहे. ‘धर्म’मधला रफार जुन्या फाइलीत सर्वांत शेवटी बसलेला असतो, आणि त्याला उचलून ‘म’च्या अलीकडे आणून बसवावे लागते. एक इकार जरी चुकीच्या जागी पडला, तरी पडद्यावर ठिपक्यांचे ते निराधार वर्तुळ उमटते आणि मात्रा त्याला लटकत राहते. पहिल्या आठवड्यात मी अशी वर्तुळे इतकी पाहिली की डोळे मिटले तरी तीच दिसत होती.

टिंबांचा घोळ तिथूनच सुरू झाला. त्या फॉन्टमध्ये रफार आणि अनुस्वार यांचे मिळून एक वेगळे चिन्ह आहे, आणि माझ्या तक्त्यात त्याची नोंद सुरुवातीला चुकली होती. परिणामी ‘सर्वांना’सारख्या शब्दांमधले टिंब भलत्याच अक्षरावर जाऊन बसू लागले. ती चूक मी दुरुस्त केली, परंतु तेव्हापासून टिंब या गोष्टीवरचा माझा विश्वासच उडाला. पुढे ‘नाहीं’, ‘केलें’, ‘त्यानें’, ‘कीं’ असे शब्द जागोजागी दिसू लागले आणि शुद्धिचिकित्सकाने प्रत्येकाखाली लाल रेघ ओढली, तेव्हा मी फार विचार केला नाही. शब्दाच्या शेवटी, किंवा ‘च’ आणि ‘ही’ यांच्या अलीकडे, दीर्घ ईकारावर अथवा एकारावर टिंब दिसले की ते उडवायचे, अशी एक ओळ मी लिहून टाकली. ती एक ओळ चालली आणि २,३१८ टिंबे गेली. एका टिंबाला तीन बाइट लागतात; सगळ्यांचे मिळून सात किलोबाइटही भरत नाहीत. लाल रेघा नाहीशा झाल्या, पाने स्वच्छ दिसू लागली, आणि मी स्वतःवर इतका खूश झालो की उठून चहा करून प्यालो.

जेवताना मी आईला विचारले की तिला असे का वाटले. तिने पोळी ताटात वाढली आणि म्हणाली, "यांच्या ‘नाहीं’वर टिंब असायचं." विषय संपला.

आता हे मला कळायला हवे होते की नको? अण्णा जुन्या शाळेत शिकलेले. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली आले, त्यांत पुढे १९७२ साली आणखी चारांची भर पडली, आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लिखाणातून गेले. तोवर त्यांचा हात घडून चुकला होता. मला हे सगळे माहीत आहे, एखाद्या कार्यक्रमात बोलायला सांगितले तर मी यावर अर्धा तास बोलू शकेन. तरी त्यांच्याच फाइलींसमोर बसलो असताना मला ते दोष यंत्राचे वाटले. हे तू लिहिलंस का? हो, आई, थोडेसे मीच लिहिले.

नऊ वाजता मला भयंकर राग आला होता, हे नोंदवून ठेवतो. घरात कोणालाही या कामाची किंमत नाही, एकतीस फ्लॉप्या माळ्यावर कुजून गेल्या असत्या तरी कोणाच्या लक्षात आले नसते, आणि जे केले त्यातले दिसले काय, तर न दिलेले टिंब. या आवेशात मी सगळा प्रकल्प पुसून टाकण्याची आज्ञा टंकलीसुद्धा; फक्त एंटर दाबले नाही. एक प्रत गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत, आहे, दुसरी पेनड्राइव्हवर आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाच्या त्राग्यात तसा दम नसतो.

मग ती ओळ काढून परिवर्तक पुन्हा चालवला आणि कोणत्या फाइलीत किती टिंबे आहेत ते मोजले. पेन्शन कार्यालयाला लिहिलेले अर्ज, सोसायटीच्या सचिवांना लिहिलेली पत्रे, शाळेच्या स्मरणिकेसाठीचा लेख, या सगळ्यांत शून्य. एकही नाही. रोजच्या नोंदींत मात्र पानोपानी. म्हणजे अण्णांना नियम येत होते, आणि ते पाळायचे कुठे हेही त्यांनी ठरवले होते. पाचवीत असताना त्यांच्याच पत्रात पाहून मी निबंधात ‘कां’ लिहिले होते, तेव्हा याच गृहस्थांनी त्यावर लाल गोल काढून माझा अर्धा गुण कापला होता. त्या अर्ध्या गुणाबद्दल आता बोलायचे तरी कोणाशी?

खरी अडचण वेगळीच आहे. टिंबे उडवल्यानंतरच्या मजकुरावर मी हाताने दुरुस्त्या केल्या आहेत, आणि परिवर्तक नव्याने चालवला की त्या सगळ्या जातात. दोन्ही प्रती एकत्र करायला गेलो, तर गिट ओळीओळीने तुलना करते आणि अण्णांचा प्रत्येक परिच्छेद म्हणजे एकच लांबलचक ओळ, त्यामुळे जवळजवळ सगळा मजकूर भांडणात निघाला, म्हणजे एकाच जागी दोन वेगळे बदल दिसले आणि कोणता ठेवायचा ते गिटला ठरवता येईना. शेवटी प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर टाकला आणि टिंबे उडवलेली, तिच्यावर हाताने दुरुस्त केलेली आणि टिंबांसह नवी, अशा तिन्ही प्रतींचा मेळ घातला. तरीही शेजारशेजारच्या ओळी बदललेल्या असल्या की गिट त्याला भांडणच समजते. एकूण ३६२ भांडणे उरली, आणि ती हातानेच सोडवायची आहेत.

सत्तेचाळिसाव्या भांडणापाशी मी थांबलो आहे. २००१ च्या जुलैमधली नोंद आहे. माझ्या प्रतीत असे आहे: "आज तिसरा दिवस. ते घरी आले नाहीत. दूध तसेच आहे." त्या पानावर आधी भाऊकाकांचा उल्लेख आहे, म्हणून ‘ते’ म्हणजे भाऊकाका असे मी धरले होते, आणि ‘आले नाही’ ही टंकलेखनाची चूक समजून तिथे ‘नाहीत’ केले होते. दूध तसेच राहिले हे वाचून मला त्या रात्री फार वाईट वाटले होते. अण्णांनी भावासाठी तीन दिवस दूध काढून ठेवावे आणि कोणालाही बोलू नये, हे मला अगदी त्यांच्यासारखे वाटले होते.

मूळ नोंद अशी आहे: "आज तिसरा दिवस. तें घरीं आलें नाहीं. दूध तसेंच आहे."

तें. नपुंसकलिंग, एकवचन. मांजर.

मी एकटाच इतक्या मोठ्याने हसलो की आतून आईने काय झाले म्हणून विचारले. मी काही नाही म्हणालो. हसू ओसरल्यावर मात्र आठवले की ती नोंद वाचल्यानंतरच्या रविवारी मी वसूला, भाऊकाकांच्या मुलाला, फोन केला होता आणि, जरा जड आवाजात, तुझे बाबा तेव्हा तीन दिवस घरी आले नव्हते का, असे विचारले होते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अण्णांनी तेही लिहून ठेवलंय?"

त्याला आता काय सांगायचे, हे मला सुचलेले नाही. सत्तेचाळीस क्रमांकावर अण्णांची बाजू ठेवली, माझी खोडली, आणि फाइल जपून बंद केली. उरलेल्या ३१५ मध्ये ‘ते’ किती आहेत, ते आज मोजणार नाही.