बिनसाखरेच्या कॉर्नफ्लेक्सनेही रक्तातली साखर वाढते

पाकिटावर ‘साखर घातलेली नाही’ असं छापलेलं असलं, तरी कॉर्नफ्लेक्सचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते याचं माप) 80च्या आसपास असतो. शुद्ध ग्लुकोजचा 100. मक्याचा कोंडा आणि अंकुर काढून टाकतात, उरलेला भाग शिजवून, चपटा करून भाजतात. असा स्टार्च आतड्यात झपाट्याने फुटून त्याचं ग्लुकोज होतं. 30 ग्रॅममध्ये कर्बोदकं सुमारे 25 ग्रॅम, तंतू (फायबर) जेमतेम 1. अंदाजाने ओतलं की वाटीत सहज दुप्पट पडतं, म्हणून एकदा काट्यावर तोलून बघाच.

लेबलवर तंतू आधी वाचा. 100 ग्रॅममागे 6 ग्रॅमपेक्षा कमी असतील तर पाकीट परत ठेवा. जाड ओट्स बरे (झटपट होणारे नव्हेत, त्यांचा इंडेक्स बराच वर जातो). मधुमेह असेल तर पहिल्या घासापासून 2 तासांनी साखर मोजा.