वडगावचे काका-काकू, जीएसटीची नोटीस आणि तो सिनेमा

मी बेळगावात टॅक्स कन्सल्टंटकडं कामाला आहे, म्हणजे दिवसभर रिटर्न, बिलं आणि पोर्टल. त्या आठवड्यात रात्री जागून 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' बघितलेला, 2022 चा, 7 ऑस्करवाला. सगळे त्याला मल्टिव्हर्सचा, म्हणजे एकाच माणसाच्या अनेक समांतर आयुष्यांचा, सिनेमा म्हणतात पण सुरुवातीलाच टेबलावर पावत्यांचा ढीग आहे, लाँड्री चालवणारे नवरा-बायको, मागं टॅक्सची चौकशी, आणि घरात चिनी-इंग्रजी मिसळून बोलणं, आपल्याकडं मराठी-कन्नड चालतं तसंच. मधली मारामारी मला लांबलेली वाटली, पण बाकी सगळं आमच्या ऑफिसातलंच.

आणि दुसऱ्याच दिवशी वडगावातले काका-काकू आले, घरी पॉवरलूम, साड्यांचा धंदा. पिशवीभर बिलं आणि एएसएमटी-10 ची नोटीस, म्हणजे रिटर्नमध्ये फरक दिसतोय, खुलासा द्या, 30 दिवसांत उत्तर द्यायचं. सूत विकणाऱ्यानं त्याच्या जीएसटीआर-1 मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, बिल दाखवलं नाही की ते घेणाऱ्याच्या 2बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत, येत नाही, आणि 2022 पासून तिथं नसलं की खरेदीवर दिलेल्या टॅक्सचं क्रेडिट नाही, मग तुम्ही माल उचललेला असू दे, पैसे दिलेले असू देत. हे समजावताना काकूंचा तोल गेला. "कोल्हापूरचं स्थळ आलेलं मला, पगारी माणूस, हो म्हटलं असतं तर ही कटकट नसती की!"

काका एवढंच म्हणाले, "सुखात असतीस की तिकडं." अजिबात टोमणा नव्हता त्यात, आणि हात थांबले नाहीत, प्रत्येक बिलाचा दुमडलेला कोपरा अंगठ्यानं सरळ करून काकूंकडं देणं चालूच.

मला राहवलं नाही, मी सिनेमातला गल्लीतला सीन सांगितला. दुसऱ्या एका आयुष्यात त्या लाँड्रीवाल्या बाईनं आपल्या नवऱ्याशी लग्न केलेलंच नाही, ती मोठी नटी, तो सुटाबुटातला श्रीमंत, आणि तरी तो तिला म्हणतो की तुझ्याबरोबर लाँड्री चालवणं, टॅक्स भरणं हेसुद्धा मला आवडलं असतं.

"मग ती राहिली का त्याच्याजवळ?" काकूंनी विचारलं.

"लाँड्रीवाल्या आयुष्यात राहिली."

"राहणारच की, त्याचा हिशेब कोण बघणार!" म्हणत त्यांनी पिशवीतनं वही काढली. प्रत्येक खेपेची तारीख, पोती, लॉरीचा नंबर, सगळं मराठीत, बारीक अक्षरात. त्या वाचत गेल्या, काका बिल शोधून देत गेले, मी पोर्टलवर टिक करत गेलो, जेवायचं पण कुणाला सुचलं नाही. बहुतेक बिलं व्यापाऱ्यानं उशिरा भरलेली, पुढच्या महिन्यांच्या 2बी मध्ये सापडली. एक मात्र कुठंच नाही, ते क्रेडिट सोडलं, डीआरसी-03 या फॉर्मनं ते व्याजासकट भरलं आणि संध्याकाळी एएसएमटी-11, म्हणजे नोटिशीचं उत्तर, अपलोड केलं.

त्या एका बिलाचं काकूंना लई वाईट वाटलं. त्या व्यापाऱ्याकडनं सूत घेणं बंद, हे दोघांनी माझ्यासमोरच ठरवून टाकलं.