मागच्या सीटवरची ट्रायल

जॉब कार्डावर एका ओळीची तक्रार होती : 'गाडी आदळते.' दोन वर्षं जुनी, महागडी स्पोर्टी एसयूव्ही. चालवणारा मुलगा तिशीतला. मागच्या सीटवर त्याची आई, मांडीवर स्टीलचा डबा.

अशा तक्रारीचं आमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काय होतं? स्कॅनर लागतो, फॉल्ट निघत नाही, आणि 'हे या गाडीचं कॅरेक्टर आहे' म्हणून चावी परत. ट्रायल घेणारे सगळे स्टिअरिंगवर, मागं कोणीच बसत नाही. त्या दिवशी मी बसलो, काकूंच्या शेजारी.

नागपुरात आता गल्लीबोळात सिमेंट. साधारण साडेचार मीटरला एक जोड, म्हणजे ४०च्या स्पीडला सेकंदाला अडीच ठोके. दर ठोक्याला डब्याचं झाकण वाजे.

"पाहून राहिले ना भाऊ?" मुलगा पुढून म्हणाला.

कारणं सापडली ती साधी. गाडी कायम स्पोर्ट मोडवर, म्हणजे शॉकअप कडक. इंजिन स्पोर्टवर राहू देऊन शॉकअप तेवढे नॉर्मलवर आणता येतात, त्याचं बटणच वेगळं आहे. पण डिलिव्हरीच्या दिवशी केक आणि फोटो आटोपेस्तोवर ते सांगायचं राहतं. दुसरं, टायरमध्ये फुल लोडची हवा. स्टिकरवर कमी माणसांसाठी कमी आकडा असतो, तो वाचतो कोण? गाडी रात्रभर ठेवून घेतली. मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरची हवा मोजून काढली, तर सकाळी ती कमीच भरते.

सकाळी पुन्हा फेरी. डोलणं, हिसके गेले. जोडावरचा 'टक्' मात्र तसाच. रिम २१ इंची, टायर २९५/३५ : रुंदी २९५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ३५ टक्के. रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबर जेमतेम १०३ मिलिमीटर. याच गाडीला १९ इंचीवर २६५/५० बसतो, तिथं १३२. असा टोकदार ठोका आधी टायर खातो, स्प्रिंगची पाळी नंतर येते.

मग जुना ऑर्डर फॉर्म काढला. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) : नाही. २१ इंची रिम : हो, जादा पैसे. खाली सही माझी. तेव्हा मी सेल्सला होतो. एअर नको, हे मीच पटवलं होतं : पिशव्या, कॉम्प्रेसर, वॉरंटी संपल्यावरचा खर्च. ते मला अजूनही अर्धं पटतं. एअर घेतलं असतं तरी २१ इंचीवर जोड लागलेच असते. पण वाचलेले पैसे रिमवर घालायला लावले तेही मीच. १९ इंची तर गाडीसोबतच येत होते. मागं कोण बसणार, हे विचारलं नाही.

मुलाला सगळं सांगितलं. सहीचं सोडून.

"१९वर टॅक्सी वाटते जी," तो म्हणाला.

काकू म्हणाल्या, "बरं आहे आता." अंगठा झाकणावर दाबलेलाच होता.

कार्ड बंद करताना सिस्टिममध्ये दोनच पर्याय येतात : 'तक्रार दूर' आणि 'तक्रार कायम'. 'कायम' टाकलं तर मॅनेजरचा फोन येतो. मी 'दूर' टाकलं.