सकाळी पाच चाळीसला टोचलेली सुई

भुसावळच्या एका खासगी हॉस्पिटलात माझी नाईट ड्युटी होती. मे महिना. पहाटे चार पेशंटचं ब्लड काढलं आणि ट्रे स्टेशनवर आणला. वापरलेल्या सुया टाकायचा पांढरा डबा एकच, तोही वॉर्डच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणून आम्ही सगळ्याच सुईला परत टोपण लावून ट्रेमध्ये ठेवायचो. त्यातल्या एका टोपणातून सुई आरपार आली होती. आवरताना ती ग्लोव्हमधून थेट डाव्या तर्जनीत शिरली. ग्लोव्ह काढला तर मोहरीएवढा रक्ताचा ठिपका.

मी बोट दाबून दाबून रक्त काढलं, वर स्पिरिट ओतलं. दोन्ही चूक. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, पिळायचं नाही, हे मी शिकलेली होते. हात थरथरत असताना आठवलं नाही.

आणि कुणाला सांगितलंही नाही. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नसतं, तरी लावलं म्हणून बोलणी बसतील, या भीतीने साडेआठपर्यंत गप्प राहिले. शेवटी तीन नंबरच्या बेडवरच्या आजींनी विचारलं, "काय व्हयनं वं माय?" तिथेच मला रडू फुटलं.

इन्चार्ज ताई रागावल्या नाहीत. "किती वाजता टोचली?" एवढंच विचारलं. एचआयव्हीची लागण टाळणारी पहिली गोळी दोन तासांच्या आत मिळाली तर उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नाही. त्यांनी रिपोर्ट लिहिला आणि मला रिक्षात घालून स्वतः जळगावच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, आणलं.

सुई चौघांपैकी कुणाची, ते सांगता येईना. म्हणून टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर, रोज एकदा, 28 दिवस. डॉक्टरांनी समजावलं, की एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तरी लागण हजारात साधारण तिघांना होते. हिपॅटायटिस बीचं (रक्तातून पसरणाऱ्या काविळीचं) मात्र लस न घेतलेल्यांत शंभरात सहा ते तीस. मी पहाटेपासून एचआयव्हीलाच घाबरत होते, आणि हिपॅटायटिसच्या लसीचा सहाव्या महिन्याचा तिसरा डोस माझा राहूनच गेला होता! तो त्याच दिवशी घेतला.

गोळ्यांनी मळमळायचं, भाकरीचा वासही नको वाटायचा. नवऱ्याला पहिल्याच रात्री सगळं सांगितलं, कारण रिपोर्ट पक्के होईपर्यंत निरोध वापरायचा होता. तो म्हणाला, "गोळी चुकवू नकोस, मी आठवण करत जाईन." आणि 28 दिवस त्याने केली. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, तिन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या. शेवटचा कागद हातात पडला तेव्हा कापूस वेचणी सुरू होती.

ताईंनी व्यवस्थापनाच्या मागे लागून प्रत्येक ट्रॉलीला पांढरा डबा लावून घेतला. आता सुई पेशंटच्या बेडजवळच, टोपण न लावता डब्यात जाते, आणि डबा तीन चतुर्थांश भरला की बदलतो.

मागच्या महिन्यात नव्या पोरीला कॅन्युला (सलाईनची नळी) लावताना टोचलं. सहा वाजून दोन मिनिटांनी तिचा मला फोन आला. साडेसातला जळगावच्या कॅज्युअल्टीत तिने पहिली गोळी गिळली.