रत्नागिरीत एक दिवस, पावसासकट

जुलैत कोकणात फिरायला जाऊ नका, असं सोलापुरात चारचौघांनी बजावलं होतं. पण ह्यांचं ऑफिसचं काम निघालं रत्नागिरीला, आम्ही सगळे मागे लागून आलो. काम शुक्रवारी उरकलं, शनिवार मोकळा. माणसं पाच, छत्र्या तीन.

आमच्याकडे वर्षभरात पडतो त्याच्या पाचपट पाऊस इथे पडतो, हे आकड्यात माहीत होतं. रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळापाशी पोचलो आणि आकडा अंगावर आला. तिन्ही बाजूंनी समुद्र आहे म्हणतात. आम्हाला दिसला तो पांढरा धूर आणि ऐकू आली ती खालून येणारी धडधड. पहिल्या पाच मिनिटांत एक छत्री उलटी झाली आणि तिच्या दोन काड्या गेल्या. रिक्षावाले दादा पडदे बांधता बांधता म्हणाले, "पाऊस कुठेय? ही तर सर. जाईल आत्ता." ती सर संध्याकाळी साडेपाचला गेली.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर मात्र पावसातच बघावं. 23 जुलैची जयंती चार दिवसांवर होती. कौलांवरून पागोळ्या गळत होत्या, अंगणातल्या चिऱ्यावर हिरवं शेवाळ. सासूबाई ओटीवर टेकल्या त्या उठेचनात. पतितपावन मंदिर धावतपळत झालं. सगळ्या जातींना खुलं असावं म्हणून सावरकरांच्या प्रयत्नांतून आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशांतून ते 1931 साली उभं राहिलं, एवढं थोरल्याला सांगेपर्यंत रिक्षाचा हॉर्न वाजला.

जेवणाचा बेत फसणारच होता. 1 जून ते 31 जुलै हा माशांच्या विणीचा काळ, यांत्रिक बोटींना बंदी. मिरकरवाड्याला सगळ्या बोटी ताडपत्र्या पांघरून गप्प उभ्या. आणि आम्ही ताजी सुरमई मागतोय! खानावळीतल्या काकू हसल्या. "बर्फातली देते हवी तर. पण माझं ऐका." मग आली कुळथाची पिठी, टाकळ्याची भाजी, गरम भात आणि सुक्या जवळ्याची चटणी. सासूबाई शनिवार पाळतात, त्यामुळे चटणी आमच्या वाटणीला जास्त आली. सुरमईची आठवण कुणी काढली नाही.

दुपारी थिबा पॅलेस. दिवसभरात मी खरी रेंगाळले ती इथे. लाल रंगाचा तीन मजली वाडा, वर लाकडी कोरीवकामाच्या अर्धगोल कमानी, आत आता वस्तुसंग्रहालय. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा. 1885 साली इंग्रजांनी त्याला मंडालेच्या गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी मद्रासमार्गे इथे आणून ठेवलं. हा वाडा तयार झाला 1910 साली, म्हणजे चोवीस वर्षं तो दुसऱ्यांच्याच बंगल्यांत राहिला. नव्या वाड्यात जेमतेम सहा वर्षं मिळाली. 1916 साली तो इथेच गेला. राणी पुढे मायदेशी परतली. थोरली राजकन्याही गेली होती, पण ती पुन्हा रत्नागिरीलाच आली. तिची मुलगी टूटू तर इथलीच होऊन गेली.

धाकटीला यातलं एकच आवडलं. ब्रह्मदेशात पांढरी छत्री हे राज्यपदाचं चिन्ह असे, असं मी म्हणाले. तिने काड्या मोडलेली आमची काळी छत्री डोक्यावर धरली आणि त्या लांबलचक व्हरांड्यात गंभीरपणे फेरी मारली. खिडकीतून भाट्याची खाडी दिसावी म्हणून मी दहा मिनिटं थांबले. मळभ हललं नाही. एकतीस पावसाळे त्या माणसाने इथे काढले. मला दुपारी तीनलाच कंटाळा आला होता, हेही सांगून टाकते.

मुक्कामाच्या खोलीत पंख्याखाली दोरी बांधून कपडे टांगले. ते वाळले नाहीत, नुसते कोमट झाले. सासूबाई कुठे दिसेनात म्हणून बाहेर आले, तर त्या पडवीत. न्हाणीघरातली बादली आणून पागोळीखाली लावलेली. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, हात आपोआप चालतात. घरमालकीणबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "आजी, विहीर काठोकाठ आहे हो आमची!"

"असू दे की," सासूबाई म्हणाल्या.

सकाळी निघायच्या वेळी बादली भरून वाहत होती. पाणी तसंच मोरीत ओतायला त्यांचं मन होईना. शेवटी पाऊस पडत असताना, छत्री धरून, त्यांनी ते अंगणातल्या जास्वंदीला घातलं.